शिष्यवृत्तीचा अर्ज मे महिन्यातच सुरू होतो

बारावीचा निकाल लागला की इंदूरच्या मराठी घरांत कॉलेज कुठलं आणि फी किती, एवढ्याच दोन गोष्टींवर बोलणं फिरत राहतं. शिष्यवृत्तीचा विषय निघाला तरी फार वेळ टिकत नाही. कुणी म्हणतं, ते बीपीएलवाल्यांसाठी असतं. कुणी म्हणतं, त्याला ओळख लागते. आणि सुदामानगर असो की लोकमान्यनगर, एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: "दहा-बारा हजारांसाठी कोण चकरा मारणार?" ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मुलीने अर्ज भरल्याचं कळतं, मग धावपळ होते, आणि त्या धावपळीत भरलेला अर्ज डिसेंबरात परत येतो. मूल हुशार असतं, नियमात बसत असतं, तरी पैसे मिळत नाहीत. याची मला मनापासून चुटपुट लागते, कारण अर्ज पडण्याची बहुतेक कारणं क्षुल्लक असतात आणि मे-जूनमध्येच दूर करता येण्यासारखी असतात.

अर्ज तपासणाऱ्यापुढे तुमचं मूल नसतं. त्याच्यापुढे मार्कशीट, आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब आणि सदस्य ओळख क्रमांक), आय प्रमाणपत्र म्हणजे उत्पन्नाचा दाखला, फीची पावती आणि बँकेचं खातं असतं. या सहा ठिकाणी एकाच माणसाबद्दल एकच गोष्ट लिहिलेली असली की अर्ज पुढे सरकतो. एका ठिकाणी वेगळं निघालं की थांबतो. गुणांची भूमिका पात्रतेपुरती आणि गुणवत्ता यादीपुरती. पुढचा सगळा प्रवास कागदांच्या मेळावर होतो.

"हात पसरणं" हा शब्द आपल्याकडे या विषयाला उगीच चिकटला आहे. इंदूरपासून तासाभराच्या अंतरावर, महूमध्ये, 14 एप्रिल 1891 रोजी जन्मलेल्या बाबासाहेब आंबेडकरांचं बी.ए.चं शिक्षण सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या महिना 25 रुपयांच्या शिष्यवृत्तीवर झालं. 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी बडोदा संस्थानाने त्यांना महिना साडेअकरा पौंडांप्रमाणे तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली आणि बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार करून घेतला. दोन्ही बाजूंनी अटी होत्या, दोन्ही बाजूंनी सह्या होत्या. शिष्यवृत्ती हा असा व्यवहार आहे. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही, आणि ज्यात संकोच नाही त्याची तयारीही उघडपणे, वेळ काढून करावी.

आधी पात्रतेचं बघू. इथे सगळ्यात मोठा घोळ टक्के आणि पर्सेंटाइल यांचा आहे. केंद्र सरकारची कॉलेज विद्यार्थ्यांसाठीची जी मुख्य योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आहे, तिच्यात पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला 12,000 रुपये आणि पदव्युत्तरला 20,000 रुपये मिळतात. तिची अट आहे बारावीत 80 पर्सेंटाइलच्या वर असण्याची. हे 80 टक्के नव्हेत. तुमच्या बोर्डाच्या, तुमच्या शाखेच्या, त्या वर्षी पास झालेल्या मुलांत तुम्ही वरच्या वीस टक्क्यांत आहात का, एवढंच ते विचारतात. समजा कॉमर्समधून एक लाख मुलं पास झाली, तर पहिल्या वीस हजारांत असलं पाहिजे. तो आकडा एखाद्या वर्षी 71 टक्क्यांवर येईल, एखाद्या वर्षी 83 वर. त्यामुळे 76 टक्के पडलेली मुलगी "मला 80 नाहीत" म्हणून अर्जच करत नाही, तिथे ती पात्र असूनही बाहेर राहते. याच योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं, अभ्यासक्रम नियमित हवा, पत्राद्वारे चालत नाही. देशभरात वर्षाला 82,000 नव्या शिष्यवृत्त्या, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी. विज्ञान, वाणिज्य आणि कला यांच्यात त्या 3:2:1 अशा वाटलेल्या. म्हणजे पात्र असणं आणि मिळणं यांत अंतर आहे, पण अर्ज न करणाऱ्याला ते अंतर कापायची संधीच नसते.

मध्य प्रदेशची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना रकमेने कितीतरी मोठी आहे. मध्य प्रदेश बोर्डातून 70 टक्के किंवा सीबीएसई-आयसीएसईतून 85 टक्के, राज्याचा मूल निवासी म्हणजे कायम रहिवासी असणं, आणि इंजिनिअरिंगसाठी जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आतला क्रमांक. खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात दीड लाख किंवा प्रत्यक्ष फी, यांतलं जे कमी असेल ते मिळतं. सरकारी कॉलेजात पूर्ण फी. उत्पन्नाची मर्यादा मधल्या काळात बदललेली आहे, म्हणून ती त्या वर्षीच्या पोर्टलवरच वाचावी, गेल्या वर्षीच्या दादाला विचारू नये. तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती आहे: वर्षाला 50,000, उत्पन्न आठ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींना चालते, आणि अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो (डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी दुसऱ्या वर्षी). खेड्यातून येऊन 60 टक्क्यांवर बारावी झालेल्या मुलींसाठी गाँव की बेटी आहे. महिना 500 रुपये, दहा महिने. रक्कम लहान वाटते, पण देपालपूर किंवा सांवेरकडून रोज बसने येणाऱ्या मुलीच्या भाड्याला तिचा टेकू होतो.

महाराष्ट्राचं महाडीबीटी, म्हणजे तिथल्या सरकारचं शिष्यवृत्ती पोर्टल, आपल्याला चालेल का, हा प्रश्न इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हमखास येतो. नाही चालत. तिथे महाराष्ट्राचा रहिवासी दाखला लागतो, घरात कुठली भाषा बोलतात याचा संबंध नाही. उलट मुलगा पुण्याला शिकायला गेला तरी पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती (अनुसूचित जाती-जमाती आणि मागास वर्गासाठीची, दहावीनंतरची) ज्या राज्याचा तो रहिवासी आहे त्या राज्याकडूनच मिळते, म्हणजे मध्य प्रदेशकडून. पुण्याच्या कॉलेजच्या खिडकीवर ही गोष्ट तुम्हाला कुणी आपणहून सांगणार नाही. जातीच्या दाखल्याचंही तसंच. आजोबा महाराष्ट्रातून कधी आले हे इथे महत्त्वाचं ठरतं: अनुसूचित जाती-जमातींसाठी 1950 आणि इतर मागास वर्गासाठी 1984 च्या आधीपासून मध्य प्रदेशात राहत असल्याचा पुरावा मागतात. आजोबांची शाळा सोडल्याची नोंद, मिलमधल्या नोकरीचा कागद, जुन्या घराची कराची पावती, यांतलं जे असेल ते निकालाची वाट न बघता शोधायला घ्यावं. हे कागद हाताशी लागायला महिने जातात.

आता नावं. इथे थोडं थांबायला हवं, कारण मराठी घरांचे अर्ज या एका जागी जितके अडकतात तितके दुसरीकडे कुठे नाहीत.

आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही लिहितो. मध्य प्रदेशातल्या शाळा बहुतेक वेळा नाव आणि आडनाव एवढंच लिहितात. मग दहावीच्या मार्कशीटवर "सई जोशी" असते आणि आधारवर "सई शरद जोशी". यंत्राच्या लेखी या दोन वेगळ्या मुली आहेत. त्याहून अवघड प्रकार "राव"चा. आधारवर वडील "शरद जोशी", मार्कशीटवर "शरदराव जोशी", आणि बँकेत कुणीतरी तोडून लिहिल्यामुळे "शरद राव". शेवटच्या नोंदीत राव हेच आडनाव होऊन बसतं आणि जोशी गायब. घरात याची कुणाला कल्पनाही नसते, कारण आपल्या कानाला तिन्ही एकच माणूस वाटतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये आणखी भर पडते: दीर्घ ई एका ठिकाणी दोन अक्षरांनी लिहिलेली, दुसऱ्या ठिकाणी एकाने. आईचं लग्नाआधीचं नाव मार्कशीटवर आणि लग्नानंतरचं समग्रमध्ये, हा आणखी एक नेहमीचा प्रकार.

दुरुस्ती कुठून सुरू करायची याचा एक क्रम आहे आणि तो उलटा केला की दोनदा खर्च होतो. पाया दहावीची मार्कशीट. ती बदलायला बोर्डाकडे जावं लागतं, वेळ लागतो, म्हणून ती ढोबळमानाने बरोबर असेल तर तिला हात लावू नका. तिच्याप्रमाणे आधार करून घ्या. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळे केंद्रावर जाण्याआधी नेमकं काय हवं ते अक्षरं मोजून कागदावर लिहून न्या आणि पावतीवरची छापील अक्षरं खुर्चीवरून उठण्याआधी वाचा. आधार झालं की समग्रचं ई-केवायसी, म्हणजे तिथलं नाव आपोआप आधारशी जुळतं. समग्रचे दोन क्रमांक असतात, कुटुंबाचा आठ आकडी आणि सदस्याचा नऊ आकडी. फॉर्ममध्ये विद्यार्थ्याचा नऊ आकडी लागतो आणि चुकून आईचा टाकलेला अनेकदा दिसतो. त्यानंतर बँक. सगळ्यात शेवटी फॉर्म. "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत" असं शपथपत्र नोटरीकडून करून ठेवणारे पुष्कळ आहेत. माणसासमोर ते चालतं. पोर्टल आधारशी अक्षरं जुळवतं तेव्हा त्या शपथपत्राचा काही उपयोग होत नाही.

आय प्रमाणपत्राची गोष्ट वेगळी. ते लोकसेवा केंद्रातून निघतं, अवघड नाही, पण त्यात लिहिलेला आकडा पुढे सगळीकडे तुमच्या गळ्यात राहतो. पगारदार घरात हमखास होणारी चूक अशी: वडील हातात येणारा पगार सांगतात. महिना 32,000 हातात येतात म्हणून वर्षाचे 3,84,000 लिहिले. पीएफ आणि इतर कपात धरून एकूण पगार 38,000 असेल तर वर्षाचे 4,56,000 होतात, म्हणजे साडेचार लाखांच्या पलीकडे. फॉर्म 16 मागितला की दोन आकडे समोरासमोर येतात आणि अर्ज चुकीच्या माहितीचा ठरतो. म्हणून पहिल्यापासून एकूण पगारच लिहावा. आईच्या शिकवण्या, डब्यांचं काम, वरच्या मजल्याचं भाडं, गावाकडच्या शेताचा वाटा, हे कुटुंबाच्या उत्पन्नात येतं. सीमेवर असाल तर आधी नीट बेरीज करा आणि ज्या योजनेची मर्यादा वर आहे तिकडे अर्ज करा. आठ लाखांच्या मर्यादेच्या योजना आहेतच, आणि खासगी संस्थांच्या काहींची त्याहूनही जास्त आहे. आकडा खाली ओढून मिळवलेली शिष्यवृत्ती चौकशीत परत करावी लागते आणि पुढचे दरवाजे बंद होतात, हे तर आहेच. पण तो आकडा खरोखर कमी उत्पन्नाच्या एखाद्या मुलाची जागा घेतो, हे मला जास्त खुपतं.

वर्षाचा घोळही इथेच होतो. आयकर विवरणावर मूल्यांकन वर्ष 2025-26 लिहिलेलं असतं, त्यातलं उत्पन्न 2024-25 चं असतं. फॉर्म कुठल्या आर्थिक वर्षाचं मागतो ते वाचून त्याच वर्षाचा दाखला काढा. दाखल्याचा क्रमांक आणि तारीख फॉर्ममध्ये भरायची असते. ती बघून भरावी, आठवून नाही.

मग बँक. पैसे मंजूर होऊनही खात्यात न येण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, आणि ते समजून घेणं अवघड नाही. "माझं आधार खात्याला जोडलेलं आहे" याचे दोन अर्थ होतात. एक, बँकेने केवायसीसाठी आधार घेतलं आहे. दोन, सरकारी पैसे आधार क्रमांकावरून ज्या खात्यात वळतात त्या एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदवहीत ते खातं आहे; यालाच आधार सीडिंग म्हणतात. शिष्यवृत्तीला दुसरा अर्थ लागतो. त्या नोंदवहीत एका आधारला एका वेळी एकच बँक असते, आणि सगळ्यात शेवटी जोडलेली बँकच टिकते. मुलाने मधेच मोबाईलवर दोन मिनिटांत एखादं नवं खातं उघडलं, त्यात संमतीच्या चौकटीवर खूण केली, की पैसे तिकडे वळतात. फॉर्ममध्ये लिहिलेलं खातं रिकामं राहतं. घरचे समजतात, सरकारने दिलेच नाहीत.

हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. आधारच्या संकेतस्थळावर ओटीपीने आत जाऊन बँक सीडिंगची स्थिती बघायची. बँकेचं नाव, चालू आहे की बंद, आणि शेवटची तारीख दिसते. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या शाखेत जाऊन आधार सीडिंगचा संमती-फॉर्म भरायचा. त्यात जुन्या बँकेचं नाव लिहून "तिथून इकडे वळवा" असा रकाना असतो, तो रिकामा सोडू नये. आठवड्याभराने पुन्हा बघायचं. शाखेत "झालं" म्हणाले म्हणजे झालं असं धरू नये, पडद्यावर दिसलं म्हणजे झालं. लहानपणी वडिलांच्या नावाने उघडलेलं अल्पवयीन मुलाचं खातं अठराव्या वर्षी स्वतःच्या सहीवर करून घ्यावं लागतं. तेही याच फेरीत उरकावं. आणि खात्यात अधूनमधून थोडी उलाढाल ठेवा. दोन वर्षं हात न लावलेलं खातं निष्क्रिय होऊ शकतं.

एवढं झाल्यावर फॉर्म भरणं फारसं उरत नाही. राष्ट्रीय पोर्टलवर आधी ओटीआर, म्हणजे एकदाच करायची नोंदणी. मोबाईलवरच्या ॲपने चेहरा आधारशी जुळवला की चौदा आकडी क्रमांक मिळतो. चेहरा जुळत नसेल तर खिडकीकडे तोंड करून बसा आणि चष्मा काढा, बहुतेकदा तेवढ्याने होतं. तो क्रमांक पुढची सगळी वर्षं लागतो. इंदूरच्या भंवरकुवा भागात किंवा घराजवळच्या कियोस्कवर फॉर्म भरून घ्यायला हरकत नाही, पण मोबाईल क्रमांक, ईमेल आणि पासवर्ड तुमचेच असले पाहिजेत. दुकानातला मुलगा घाईत स्वतःचा क्रमांक टाकतो, आणि नोव्हेंबरमध्ये "तुमच्या अर्जात त्रुटी आहे" असा निरोप त्याच्या फोनवर जातो. तोवर त्याने तसे शेकडो अर्ज भरलेले असतात.

फॉर्ममध्ये कॉलेज निवडताना नाव नीट बघा. एकाच संस्थेची तीन-चार कॉलेजं एकाच आवारात असतात, त्यांचे क्रमांक वेगळे असतात. फी लिहिताना पावतीवर जशी विभागलेली आहे तशीच लिहा: प्रवेश, शिकवणी, इतर. परत मिळणारी अनामत रक्कम फीमध्ये धरू नका. घरून येणाऱ्याने होस्टेलची खूण करू नये, कॉलेज ती लगेच पकडतं. शेवटी, मसुदा साठवणं आणि अर्ज सादर करणं या दोन वेगळ्या कळा आहेत. फक्त पहिली दाबून निर्धास्त झालेले दरवर्षी असतात. सादर केल्यावर अर्ज क्रमांकाचं पान निघतं, ते निघालं नाही तर अर्ज गेलेला नाही.

स्कॅनबद्दल थोडक्यात. अनेक पोर्टलांवर एका फाईलची मर्यादा 200 केबीच्या आसपास असते. रंगीत फोटो काढून तो कमी करत बसलं की अक्षरं फुटतात. स्कॅनच्या ॲपमध्ये काळ्या-करड्या रंगात, 150 डीपीआयला ए-4 पान घेतलं तर ते सहज बसतं आणि शिक्कासुद्धा वाचता येतो. कागद सपाट, दिवसाच्या उजेडात, स्वतःची सावली बाजूला ठेवून. मार्कशीटची मागची बाजू आणि आय प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड कापला जाऊ देऊ नका. अपलोड केल्यावर फाईल तिथूनच उघडून बघा. चुकीच्या रकान्यात गेलेला कागद तेव्हाच दिसतो.

अर्ज सादर झाला की काम संपलं असं वाटतं, आणि खरी गळती इथे होते. अर्ज आधी कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे शिष्यवृत्तीचं काम सोपवलेल्या माणसाकडे जातो, मग जिल्हा किंवा राज्याकडे. कॉलेजने पडताळलाच नाही तर मुदत संपल्यावर तो तिथेच राहतो, त्यात तुमची काही चूक नसली तरी. म्हणून छापील प्रत, मूळ कागद, फीची पावती आणि बोनाफाइड घेऊन सादर केल्यापासून आठवड्याच्या आत शिष्यवृत्ती विभागात जा, बाबूंना प्रत द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. त्यानंतर दर सोमवारी लॉगिन करून स्थिती बघा. पडताळणीत काही कमी निघालं तर अर्ज "डिफेक्टेड" होऊन तुमच्याकडे परत येतो. हा नकार नव्हे. कारण लिहिलेलं असतं, दुरुस्त करून मुदतीत परत पाठवायचा असतो. "रिजेक्टेड" मात्र त्या वर्षापुरतं संपलं. या दोन शब्दांतला फरक न कळल्यामुळे परत आलेला अर्ज तसाच पडू देणाऱ्या मुलांची खूप हळहळ वाटते. एक दुपार आणि एक स्कॅन, एवढंच काम उरलेलं असतं.

खासगी संस्था आणि ट्रस्टच्या शिष्यवृत्त्यांचं तंत्र निराळं. तिथे काही ठिकाणी ऑनलाइन चाचणी असते, बहुतेक ठिकाणी दोन-तीनशे शब्दांचा निबंध आणि शिक्षकांचं पत्र. रिलायन्स फाउंडेशनची पदवीसाठीची शिष्यवृत्ती पूर्ण अभ्यासक्रमाला मिळून दोन लाखांपर्यंत असते, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि चाचणी दिल्याशिवाय अर्ज पूर्ण धरला जात नाही. अझीम प्रेमजी फाउंडेशनची वर्षाला 30,000 ची शिष्यवृत्ती दहावी-बारावी सरकारी शाळेतून केलेल्या मुलींसाठी आहे आणि मध्य प्रदेश तिच्या पहिल्या राज्यांपैकी आहे.

निबंधात सगळे एकच वाक्य लिहितात: "मला लहानपणापासून शिक्षणाची आवड आहे आणि आमची परिस्थिती हलाखीची आहे." वाचणाऱ्याने त्या दिवशी तेच वाक्य अनेकदा वाचलेलं असतं. त्याऐवजी असं लिहिता येतं: "वडील सांवेर रोडवरच्या कारखान्यात मशीन चालवतात. अकरावी-बारावीत मी संध्याकाळी सहा मुलांना गणित शिकवलं, प्रत्येकी 600 रुपये. त्या 3,600 मधून माझी स्वतःची शिकवणीची फी भरली. बारावीत गणितात 91 आहेत, इंग्रजीत 64, आणि इंग्रजी सुधारायला मी रोज संध्याकाळी एक बातमी मोठ्याने वाचते." यात आवडही आली, परिस्थितीही आली, आणि कमी गुण का आहेत हे विचारण्याआधीच उत्तर आलं. कमी गुण, वाया गेलेलं वर्ष, बदललेली शाखा, हे लपवू नये. दोन वाक्यांत सांगून पुढे जावं.

गरज आकड्यांत मांडावी. समजा वर्षाची फी 58,000, सिटी बसचा महिना 700 प्रमाणे दहा महिन्यांचा खर्च 7,000, पुस्तकं 6,000, परीक्षा आणि प्रयोगशाळा 4,000. एकूण 75,000. घरून 45,000 होतील, 30,000 कमी पडतात. ज्या अर्जदाराने ही बेरीज केली आहे त्याच्यावर देणाऱ्याचा विश्वास बसतो, आणि मुलाखतीच्या फोनवर हेच आकडे विचारले तर अडखळायला होत नाही. निबंध आधी ज्या भाषेत विचार सुचतात तिच्यात लिहा, घरात मराठी तर मराठीत. मग इंग्रजीत न्या. थेट इंग्रजीत लिहिलेलं बहुतेक वेळा पाठ केलेल्या वाक्यांचं होतं.

शिक्षकांकडे पत्र मागताना निदान दोन आठवडे आधी जा आणि सोबत एक पान द्या: कुठली शिष्यवृत्ती, शेवटची तारीख, तुमचे गुण, त्यांच्या वर्गात तुम्ही केलेलं एखादं नेमकं काम. "सर, तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा" म्हटलं की "मेहनती आणि सद्वर्तनी" असं पत्र मिळतं. सरांचा त्यात दोष नाही, त्यांच्याकडे साठ मुलं आहेत.

दोन शिष्यवृत्त्या एकदम घेता येतात का? अर्ज दोन्हीकडे करावा, मिळाल्यावर नियम वाचून एक सोडावी. केंद्राच्या मुख्य योजनेत दुसरी शिष्यवृत्ती चालत नाही. काही खासगी संस्थांना चालते, फक्त त्यांना कळवावं लागतं. "इतर कुठली मदत मिळते का" या रकान्यात खरं तेच लिहावं, कारण आधारमुळे ते तसंही दिसतं.

राहिलं नूतनीकरण. 1917 साली बाबासाहेबांना कोलंबियानंतर सुरू केलेला लंडनचा अभ्यास अर्ध्यावर ठेवून परतावं लागलं ते शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे. राहिलेला अभ्यास पुरा करायला ते 1920 मध्ये पुन्हा गेले. आजच्या मुलांची शिष्यवृत्ती मुदत शिल्लक असताना मधेच तुटते, आणि तुटते ती दुसऱ्या वर्षी. केंद्राच्या योजनेत पुढच्या वर्षासाठी 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी लागते आणि अर्ज दरवर्षी नव्याने, नूतनीकरणाच्या रकान्यातून करावा लागतो. तो आपोआप होत नाही. नवीन अर्ज म्हणून भरला तर दुहेरी ठरून बाद होतो. विद्यापीठाचा निकाल उशिरा लागला आणि पोर्टलची तारीख जवळ आली, तर कॉलेजकडून निकाल लागल्याची छापील प्रत साक्षांकित करून घ्या, मूळ मार्कशीटची वाट बघत बसू नका. मधल्या काळात मोबाईल क्रमांक बदलला असेल तर तो आधी आधारमध्ये बदला, नाहीतर ओटीपी येणार नाही. आणि बँक सीडिंग पुन्हा एकदा उघडून बघा, कारण पहिल्या वर्षी कॉलेजात कुठल्या ना कुठल्या ॲपवर मुलाने खातं उघडलेलं असण्याचीच शक्यता जास्त आहे.